मुलांचं बालगृह, सव्वादोन वर्षांचा अनुभव : जेवण चांगलं, शाळा चांगली, पण प्रार्थनेचं काय?

पाचपैकी साडेतीन स्टार देतेय. संस्थेचं नाव, गाव काही लिहिणार नाही, कारण बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड होईल असं काही छापता येत नाही, आणि संस्थेचं नाव लिहिलं की ओळखीच्या माणसाला लगेच कळतं पोरं कोणाची. एवढंच सांगते की विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या गावचं मुलांचं बालगृह आहे, ट्रस्टचं, सरकारी अनुदान आणि देणग्या यावर चालणारं, आणि माझे दोन भाचे जून २०२२ ते सप्टेंबर २०२४ तिथे राहिले. मोठा गेला तेव्हा बारा वर्षांचा, धाकटा सात. वहिनी धाकट्याच्या बाळंतपणातच गेली होती, भाऊ २०२२ च्या जानेवारीत अपघातात गेला, आई चार महिने सांभाळत होती पण तिचं खुब्याचं हाड मोडलं, आणि मी एसटीत कंडक्टर, तेव्हा मुक्कामी ड्यूटी होती, आठवड्यातून तीन रात्री बाहेर, राहायला एक खोली. पोरांना बालगृहात ठेवलं म्हणून लोक काय काय बोलले ते मला माहीत आहे, त्यावर इथे लिहीत नाही.

आधी जे चांगलं ते सांगते कारण ते खरंच चांगलं आहे. इमारत स्वच्छ, पावसाळ्यात एक खोली गळायची तेवढं सोडून. प्रत्येकाला स्वतःचं कपाट, कुलूप असलेलं, हे मुलांसाठी फार मोठं असतं, धाकट्याने त्यात बाबाचं घड्याळ ठेवलं होतं आणि ते शेवटच्या दिवसापर्यंत जसंच्या तसं राहिलं. शाळा चालत दहा मिनिटांवर, संध्याकाळी गणिताला एक सर येतात, मोठ्याचं इंग्लिश सुधारलं ते तिथेच. तब्येतीकडे लक्ष, डेंग्यू झाला तेव्हा मला रात्री अकराला फोन आला आणि गृहपिता दवाखान्यात बसून होते. भेटीचा दिवस ठरलेला असला तरी माझी ड्यूटी बघून दुसऱ्या दिवशीही भेटू द्यायचे. जेवणाबद्दल पुढे सांगते कारण ते धर्माच्या विषयात येतं, हो, येतंच.

हा रिव्ह्यू मी मुळात धर्मासाठीच लिहितेय. बालगृह बघायला गेलं की आपण संडास बघतो, गाद्या बघतो, मुलं हसतात का रडतात ते बघतो, पण इथे संध्याकाळी सात वाजता काय होतं, कोणाची प्रार्थना होते आणि ज्याला ती करायची नाही त्याचं काय करतात हे कोणी विचारत नाही, मी पण विचारलं नव्हतं.

सुरुवात फॉर्मपासून झाली. आम्ही बौद्ध. भाऊ नियमाने विहारात जाणारा, दोन्ही पोरांना त्रिशरण पंचशील पाठ, दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बावीस प्रतिज्ञा उभं राहून म्हणायची आमच्या घरची पद्धत. पण शाळेच्या दाखल्यावर हिंदू महार आहे, भावाच्या दाखल्यावरून तसंच खाली आलेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्राने १९९० मध्ये लागू केल्या, त्याआधी धर्म बौद्ध लिहिला की सवलत जायची म्हणून कितीतरी घरांनी कागदावर जुनंच ठेवलं आणि मग ते पुढच्या पिढीला चिकटलं. बालगृहाच्या क्लार्कने दाखला बघितला आणि रकान्यात हिंदू लिहिलं. समोर बारा वर्षांचा मुलगा बसलाय, त्याला बोलता येतं, त्याला विचारलं नाही. मी पण त्या दिवशी इतकी भांबावलेली की सही करून मोकळी झाले. तिसऱ्या भेटीत ते दुरुस्त करून घेतलं, त्यासाठी अर्ज, त्याला उत्तर, परत अर्ज. म्हणून कोणाच्या घरातलं मूल बालगृहात जायची वेळ आली तर हा रकाना आधी वाचा. वैयक्तिक काळजी आराखडा म्हणून प्रत्येक मुलाचा कागद करतात, तो मागा आणि त्यात काय लिहिलंय ते बघा, आणि मूल बोलण्याच्या वयाचं असेल तर त्याच्यासमोर वाचा.

पहिल्या महिन्याच्या भेटीला गेले तर मोठा गप्प. धाकटा बडबड करत होता, हा नुसता नखं कुरतडत बसलेला. शेवटी निघताना म्हणाला, "आत्या, मी आरतीत हात जोडले तं बाबानं शिकवलेलं खोटं होते ना?" मला आधी कळलंच नाही काय झालंय. मग धाकट्याने सांगितलं की रोज संध्याकाळी हॉलमध्ये शुभंकरोती, मग आरती, मंगळवारी अथर्वशीर्ष, आणि दादा हात जोडत नाही म्हणून त्याला शेवटच्या रांगेत उभं करतात आणि प्रसादाचा शिरा देत नाहीत. मारलं नाही कोणी, ते मी दहा वेळा विचारून घेतलं. पण बारा वर्षांचं पोर, बाप जाऊन सहा महिने झालेले, रोज संध्याकाळी सगळ्यांसमोर शेवटी उभं राहतंय कारण बापाने शिकवलेलं त्याला मोडायचं नाहीये.

मी तशीच अधीक्षकांकडे गेले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, हे मी आजही म्हणते. म्हणाले, "अहो ताई, हे संस्कार आहेत, यात धर्म कुठे आला? सगळीच मुलं म्हणतात, शिस्त लागते, मन शांत होतं." हे वाक्य मी नंतर इतक्या जणांकडून ऐकलं, सुशिक्षित लोकांकडून, आमच्या डेपोतल्या लोकांकडून, की मला त्याचाच सगळ्यात जास्त त्रास झाला. त्यांना खरंच दिसत नाही. ज्याच्या घरात शुभंकरोती आहे त्याला ते दिवा लावण्याइतकं साधं वाटतं. पण बावीस प्रतिज्ञांमध्ये तिसरी प्रतिज्ञाच ही आहे की गौरी-गणपतीला देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांकडून ती म्हणून घेतली, त्यात माझे आजोबा होते. म्हणजे तुमचा साधा संस्कार हा आमच्या पोरासाठी शब्द मोडणं आहे. मी हे त्यांना रडत रडत सांगितलं, नीट सांगता आलं नाही, आणि ते म्हणाले बघू.

मग मी वाचायला लागले. मुक्कामाच्या गाडीत रात्री डेपोत झोप यायची नाही तेव्हा मोबाइलवर कायदा वाचायचे. संविधानाचं कलम २५ सगळ्या व्यक्तींना आहे, मूल पण व्यक्तीच आहे. कलम २८ च्या तिसऱ्या भागात म्हटलंय की सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही धार्मिक शिक्षण किंवा उपासनेला बसायची सक्ती नाही, लहान असेल तर पालकाची संमती लागते. एका वकील भाऊंनी मला सांगितलं की ताई हे शाळेबद्दल आहे, बालगृह शाळा नाही. बरोबर असेल, मी वाद घातला नाही. पण शाळेत सहा तास जाणाऱ्या मुलाला जे नाकारता येतं ते चोवीस तास तिथेच राहणाऱ्याला नाकारता येऊ नये हे मला पटत नाही, उलट त्याला जास्त गरज आहे, शाळेतलं मूल संध्याकाळी घरी तरी जातं. आणि बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ३ वाचा, मूलतत्त्वं आहेत त्यात, मुलाचं म्हणणं ऐकून घ्यायचं, त्याच्या वयाप्रमाणे आणि समजेप्रमाणे त्याच्या मताला वजन द्यायचं, भेदभाव करायचा नाही. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा करार आहे, भारताने डिसेंबर १९९२ मध्ये मान्य केला, त्याचं कलम १४ मुलाच्या विचार, विवेक, धर्माच्या स्वातंत्र्याबद्दल, आणि कलम २० तर थेट आपल्यासारख्यांसाठी, घर सुटलेल्या मुलाला दुसरीकडे ठेवताना त्याची वाढ जशी होत होती ती तुटू नये, त्याचा धर्म, संस्कृती, भाषा याचा विचार करा असं त्यात आहे. हे वाचून मला इतकं बरं वाटलं, की कोणीतरी कुठेतरी बसून माझ्या पोराचा विचार केलेला आहे.

बालकल्याण समितीला, म्हणजे अशा मुलांनी कुठे राहायचं ते ठरवणाऱ्या जिल्ह्याच्या समितीला, लेखी अर्ज दिला. तोंडी बोलू नका, लेखी द्या, पोच घ्या, हे सगळ्या नातेवाइकांना माझं सांगणं आहे. समितीने महिन्यातून किमान दोनदा संस्थांना भेट द्यायची असते, कायद्यातच आहे. अर्ज ऑगस्टमध्ये दिला, समितीच्या एक मॅडम सप्टेंबरमध्ये आल्या, त्यांनी एकट्या मोठ्याशीच नाही तर सगळ्या मुलांशी गटागटाने बोलून घेतलं, आणि तेव्हा बाहेर आलं की हा एकटा नव्हताच. पण प्रत्यक्ष बदल व्हायला जानेवारी उजाडला, म्हणजे अर्जापासून पाच महिने, ते पण अधीक्षक बदलले आणि नवीन आले म्हणून. एक स्टार यासाठी कापला. पाच महिने मोठ्या माणसाला काही नाहीत, पोराला एक अख्खी सहामाही असते.

काय बाहेर आलं ते सांगते. एक मुसलमान मुलगा होता, दहाअकरा वर्षांचा, त्याला सगळे एका भलत्याच नावाने हाक मारायचे. का, तर आधीच्या एका काळजीवाहकाने सोपं पडावं म्हणून ठेवलं आणि चिकटलं. त्याला स्वतःचं नाव फक्त शाळेच्या हजेरीत ऐकू यायचं. मेळघाटातला एक कोरकू मुलगा होता, त्याच्या फॉर्मवर काय लिहायचं हे कोणालाच कळलं नव्हतं, त्याच्या घरचे देव कोणत्याच रकान्यात बसत नव्हते. त्याच्याशी कोरकूत बोलणारं तिथे कोणी नव्हतं, आणि होळी हा त्यांचा वर्षाचा मोठा सण, फगवा मागत फिरतात, नाचतात, तर दोन वर्षं झाली हा होळीला घरी गेला नव्हता. आणि एक सोळा वर्षांचा दादा, त्याने मॅडमना सरळ सांगितलं की माझा कशावरच विश्वास नाही, मला त्या वेळात अभ्यास करू द्या. त्याचं पण ऐकायला पाहिजे ना? धर्म पाळायचा हक्क म्हणजे न पाळायचा पण हक्क आला त्यात.

हा वाद आपल्याकडे नवीन नाही हे पण मला तेव्हाच कळलं. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईला शारदा सदन काढलं, पुढे पुण्याला नेलं, विधवा आणि निराधार मुलींसाठी, आणि वचन दिलं की धर्माची सक्ती होणार नाही. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या, त्यांच्या प्रार्थनेला काही मुली आपणहून बसायला लागल्या, आणि १८९३ मध्ये केवढा गदारोळ, केसरीने झोड उठवली, रानडे भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, घरच्यांनी कितीतरी मुली काढून नेल्या. तेव्हा सगळे बोलले, पुढारी बोलले, वर्तमानपत्रं बोलली, पण त्या मुलींना काय वाटत होतं हे त्यांच्या तोंडून किती ऐकायला मिळतं? सव्वाशे वर्षांनी माझ्या भाच्याच्या वेळेला पण आधी तेच झालं, अधीक्षक बोलले, मी बोलले, वकील बोलले. पोराला विचारलं ते समितीच्या मॅडमनी.

आता जेवण. तिथल्या स्वयंपाकाच्या काकूंना मी पाच नाही दहा स्टार देईन. भाकरी, वरण, भाजी, साधं पण गरम आणि पोटभर. तो मुसलमान मुलगा, रमजानमध्ये त्याला मोठे रोजे झेपणार नव्हते पण पहिला आणि शेवटचा धरायची त्याची इच्छा होती, आई असताना धरायचा. काकूंनी कोणाला न विचारता त्याच्यासाठी रात्री डब्यात भाकरी, चटणी, केळं झाकून ठेवलं आणि स्वतः साडेतीनला उठून त्याला उठवलं. काकू तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा न घेणाऱ्या बाई. मी त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "लेकराचा उपास आहे, मले कोनाची परवानगी लागते?" आणि त्याला त्याच्या खऱ्या नावाने पहिल्यांदा हाक मारायला लागल्या त्या पण काकूच.

पण मांसाहाराचं मात्र तिथे आजही जमलेलं नाही. सरकारी नियमांच्या आहारतक्त्यात शाकाहारी मांसाहारी दोन्हीचा विचार आहे, सणाच्या दिवशी वेगळं जेवण द्यायचं हे पण आहे. तरी ट्रस्टींनी अंडं सुद्धा बंद ठेवलंय कारण मोठे देणगीदार नाराज होतात. ज्या घरातून ही मुलं येतात त्यातल्या बहुतेक घरांत अंडं, मासळी, मटण चालतं. वाढत्या पोरांच्या ताटातून ते काढायचं आणि त्याला पवित्र म्हणायचं हे मला मान्य नाही. ज्याला खायचं नाही त्याला पनीर, गूळ-शेंगदाणे द्या, पण सगळ्यांचं एका माणसाच्या श्रद्धेवर ठरवू नका. अर्धा स्टार इथे गेला.

देणगीदारांचं अजून एक. वाढदिवसाला, पुण्यतिथीला लोक एक दिवसाचं जेवण देतात, चांगली गोष्ट आहे, मी कोणाच्या मनाला नावं ठेवत नाही. पण काही जण येऊन जेवणाआधी आपल्या गुरूंचा जयजयकार करायला लावतात, काही टिळे लावतात, एका कुटुंबाने सगळ्यांना आपल्या पंथाच्या पुस्तिका वाटल्या, एकदा दुसऱ्या धर्माचे लोक आले त्यांनी पण डोळे मिटायला लावून त्यांची प्रार्थना घेतली. मुलं सगळं करतात हो. पुढ्यात गुलाबजाम ठेवलेले असताना कोणतं पोर नाही म्हणेल? म्हणूनच ते बरोबर नाही. नवीन अधीक्षकांनी बोर्ड लावला की अन्नदान करणाऱ्यांनी मुलांकडून कुठलीही प्रार्थना घेऊ नये आणि फोटो काढू नयेत. दोन देणगीदार तुटले, त्यांनी तुटू दिले. त्या माणसाबद्दल माझ्या मनात फार आदर आहे.

संध्याकाळचं पण त्यांनी बदललं. आता सातला घंटा होते, दहा मिनिटं शांत बसायचं, मग ज्याला आरती म्हणायची ते हॉलच्या एका बाजूला, ज्याला दुसरं काही म्हणायचं ते दुसरीकडे, नसेल म्हणायचं तर वाचनाच्या खोलीत. एका फळीवर सगळ्यांच्या वस्तू, बुद्धाचा छोटा फोटो, गणपती, नमाजाची एक चटई, जानमाज, घडी करून ठेवलेली, एक क्रॉस. हे मुलांच्या समितीने ठरवलं. नियमाप्रमाणे सहा ते दहा, अकरा ते पंधरा, सोळा ते अठरा अशा गटांच्या समित्या असतात, बहुतेक ठिकाणी कागदावर असतात, इथे त्यांनी खरोखर बसवल्या. प्रसाद आता सगळ्यांना सारखा मिळतो. मोठ्याने पहिल्या दिवशी शिरा घेतला की नाही विचारलं तर म्हणाला, "घेतला ना, शिऱ्यानं काय होते."

रजेबद्दल खूप जणांना माहीत नसतं म्हणून लिहिते. कायद्याच्या कलम ९८ मध्ये मुलाला संस्थेतून रजा मिळते, साधारण सात दिवसांपर्यंत, प्रवासाचे दिवस वेगळे. त्यात परीक्षा, नातेवाइकाचं लग्न, मृत्यू, आजारपण अशी कारणं दिलीत, सण असं स्पष्ट लिहिलेलं नाही पण विशेष प्रसंग असा शब्द आहे, त्याचा आधार घेऊन मी २०२३ च्या दसऱ्यासाठी महिनाभर आधी अर्ज केला, मोठ्याला दीक्षाभूमीवर न्यायचं म्हणून. मिळाली रजा. २४ ऑक्टोबरला दसरा होता. त्या दिवसांत नागपूरला जादा गाड्या सुटतात, मला सुट्टी मिळेना, ड्यूटी पण नागपूरच्या जादा गाडीवरच लागली, तर पोराला त्याच गाडीत माझ्या सीटशेजारी बसवलं. तेरा पूर्ण झालेले, फुल तिकीट काढलं, अर्धं मागितलं पण नाही त्याने. गाडीभर पांढरे कपडे आणि जयभीम, जयभीम. अजनीच्या पुढे तो खिडकीतून बघायला लागला आणि म्हणाला इथे मला कोणीच वेगळं म्हणणार नाही. मी मशीनवर तिकिटं काढत राहिले, बोलले नाही काही. कोरकू मुलाला पण नंतरच्या होळीला रजा मिळाली, माझा अर्ज बघून त्याच्या मामाने केला. तो येताना फगव्याच्या पैशातून काकूंसाठी बांगड्या घेऊन आला.

आता धाकट्याचं सांगते, हे लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. २०२३ च्या गणपतीत मी भेटायला गेले तर हा गळ्यात ढोल अडकवून अंगणात, कपाळावर गुलाल, आणि जोरात आरती म्हणतोय. आठ वर्षांचा. माझ्या पोटात गोळा आला. मी पाच महिने भांडले, समितीपर्यंत गेले, ते कशासाठी? मी त्याला बाजूला घेऊन रागावले, मोठा पण चिडला, बाबा काय म्हणाला असता वगैरे बोलला, आणि धाकटा रडत म्हणाला की मला बाबा आठवतच नाही नीट, मला ढोल आवडते.

मी अधीक्षकांकडे तक्रार घेऊन गेले की तुम्ही त्याला लावलंत. ते म्हणाले, मी नाही लावलं ताई, आपण त्याला विचारू. समुपदेशक मॅडम त्याच्याशी दोनदा बोलल्या, मला बाहेर बसवून. त्यांनी सांगितलं की त्याला ढोल आवडतो, त्याचे दोन जिवलग मित्र पथकात आहेत, गणपतीला तो देव मानतो का विचारलं तर म्हणाला माहीत नाही, आणि विहारात जायला पण आवडतं कारण तिथे आत्या असते. मी त्या दिवशी बसस्टँडवर तासभर बसून राहिले. मोठ्याचा नाही म्हणायचा हक्क मला लगेच कळला कारण तो माझ्या बाजूचा होता. धाकट्याचा हो म्हणायचा हक्क मला कळायला वेळ लागला. कोणी म्हणेल आठ वर्षांच्या पोराला काय कळतं, त्याचं घर ठरवणार. मग घर म्हणजे कोण, मी? मी तर महिन्यातून दोनदा येणार. आणि सगळे मित्र आरतीला गेले की एकटं पडायला नको म्हणून कोणी हो म्हणत असेल तर ती त्याची इच्छा की एकटेपणाची भीती, हे मला आजही ठरवता येत नाही. पण मी त्याचा ढोल काढून घेतला नाही. संस्थेने तो काढून घ्यावा असं पण म्हटलं नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये दोघं माझ्याकडे आले. मला डेपोतच दिवसाची ड्यूटी मिळाली, दोन खोल्यांचं घर भाड्याने घेतलं, समितीने घरी येऊन चौकशी केली आणि आदेश दिला. बालसंगोपन योजनेचे प्रत्येकी महिना २२५० रुपये मंजूर झाले, वेळेवर येत नाहीत पण येतात. खरं सांगू का, हे पैसे आणि ही ड्यूटी २०२२ मध्येच मिळाली असती तर बालगृहाची पायरी चढावी लागली नसती, ज्यांचे नातेवाईक सांभाळायला तयार आहेत त्यांनी आधी या योजनेची चौकशी करा, जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात फॉर्म मिळतो. मोठा रविवारी विहारात वंदना घेतो, लहान पोरांना पाठ करून देतो. धाकटा कधी जातो कधी नाही, आणि गल्लीतल्या मंडळाच्या पथकात त्याचं नाव मी स्वतः घातलंय.

तर साडेतीन. एक गेला पाच महिन्यांसाठी, अर्धा अंड्यासाठी. कोणाला आपलं मूल तिथे ठेवायची वेळ आली तर ठेवा, मी ठेवलं होतं, पोरं धड परत आली. अडचण आली तर समितीला लेखी द्या, मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला, फोन करा, मुंबईला राज्य बालहक्क आयोग आहे तिथे पण तक्रार जाते.

दिवाळीत आम्ही तिघं फराळ घेऊन तिथे गेलो होतो, काकूंना साडी. ऑफिसात एक नवीन मुलगा आला होता, नऊदहा वर्षांचा, सोबत पोलीस मॅडम, हातात प्लास्टिकची पिशवी. अधीक्षकांनी समोर फॉर्म ठेवला होता, धर्माच्या रकान्यावर आले तसं पेन खाली ठेवलं आणि त्याला विचारलं, बाळा, घरी संध्याकाळी तुम्ही काय म्हणायचे? पोरगं बराच वेळ विचार करत राहिलं, मग म्हणालं, "काहीच नाही, आजी दिवा लावायची, मी फक्त काडी धरायचो." अधीक्षकांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं.